पश्चिमेकडे तोंड

पारामारिबोच्या कचेरीत पंखा फक्त साहेबांकडे वळतो.
माझ्या टेबलावर तक्ता:
डावीकडे हिंदुस्थानी, उजवीकडे आम्ही जावानीज,
खाली घरं, जमीन, पदव्या, ट्रॅक्टर.
डावा रकाना उसासारखा माजलेला,
उजवा तोडणीनंतरचा.
समासात साहेबांची पेन्सिल: कारण?
उत्तराला दीड ओळ सोडली आहे.

दोघांचे पणजे एकाच नदीकाठी उतरले,
कोमेवाइनच्या गढूळ पाण्यावर.
तोच मळा, तीच शिट्टी,
तोच पाच वर्षांचा अंगठा.
फक्त रामौतारांचा आधी आला,
आमचा वागिमान बऱ्याच बोटींनंतर.
तोवर बरी माती
कुणाकुणाच्या नावावर चढली होती.

हे अर्ध्या ओळीत बसलं.

उरलेल्या ओळीत पेटी मावत नाही.
पत्र्याची, कायम दाराशी,
आत एक धुतलेला सारोंग
आणि परतीच्या बोटीचा हक्क, घडी घालून.
रामौतारांच्या पणज्यानं तो हक्क शंभर गिल्डरला विकला,
चिखल घेतला,
चिखलातून भात, भातातून गाय,
गाईतून पोराची शाळा,
शाळेतून नातवाची हेगमधली वकिली.
वागिमान म्हणायचा, पुढच्या बोटीनं जायचंच आहे,
झाड कशाला लावा?
आमच्या अंगणात सावली पडायची
ती शेजारच्या आंब्याची.

जावाहून मक्का पश्चिमेला.
इथून पूर्वेला, हे शाळकरी पोरालाही नकाशात दिसतं.
तरी वागिमान, त्याचा मुलगा, माझा बाप
पश्चिमेकडेच तोंड करून वाकत राहिले.
गावात दोन मशिदी झाल्या, एकमेकींकडे पाठ करून.
बाप म्हणायचा,
देवाला आपला पत्ता ठाऊक आहे,
त्याला नकाशा काय दाखवता?

गरिबीला साधेपणा म्हणायची मला हौस नाही.
माझा भाचा पोनिमान
चौथ्या मुलाखतीला उसने बूट घालून गेला,
चौथ्यांदा बूट तेवढे परत आले, चकचकीत.

गेल्या गुरुवारी फॉर्म घेऊन
बिसेसर रामौतारांकडे गेले.
संगमरवरी जिना, तीन गाड्या,
बशीत बिस्किटं, कुणी हात न लावलेली.
मुलं किती? म्हटलं.
दोन, म्हणाले. मग भिंतीवरच्या हाराकडे बघून,
एक लिही.
निकेरीच्या शेतावर गेला होता. भाताला पाणी सोडायला.
मी पेन धरून बसले.
फॉर्ममध्ये "होता"ला चौकट नसते.
बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं,
तुमच्यात संध्याकाळी माणसं बोलतात का गं एकमेकांशी?
खोटं कशाला सांगू.
म्हटलं, नाही हो. आमच्यात कुणीच काही बोलत नाही,
फक्त जेवायला बोलावतात.
जिन्याखाली त्यांनी माझ्या पिशवीत
त्या आंब्याचे चार आंबे घातले,
मोजून.

घरी आत्या पेटीवर बसली होती.
आता तिच्यात सोयाबीन आंबत घालते, तेंपेसाठी;
आत ऊब बरी राहते म्हणते.
सारोंग कधीच फाटून फडकी झाला.
कागद मात्र होता,
झाकणाच्या आत, खळीनं चिकटलेला.
तो सोडवायला रात्र गेली,
एक कोपरा पत्र्यालाच राहिला.

सकाळी तक्ता दिला.
कारणाच्या जागी लिहिलं:
सोबत जोडला आहे, परतीचा हक्क, एक, न वापरलेला.
साहेबांनी वाचलं की नाही, कळलं नाही.
सवयीनं शिक्का उचलला,
शाईवर दाबला,
वागिमानच्या अंगठ्याशेजारी मारला.

आवक.
तारीख आजची.